हवेचा माग

गोदावरी, दुधना आणि पूर्णा या नद्यांच्या काठची परभणी जिल्ह्यातील काळी जमीन ज्याने ऐन वैशाखात तुडवली आहे, त्याला तिच्या भेगांतून उठणाऱ्या धुळीचा सूक्ष्मपणा ठाऊक असतो. आणि याच धुळीत, मृग लागण्याच्या आत तलावातला गाळ उपसून शेतात पसरण्याच्या दिवसांत, ट्रॅक्टरच्या पुढील अंगास लोखंडी चौकट जोडून सिद्ध केलेला लोडर झुंजूमुंजू झाल्यापासून दिवेलागणीपर्यंत राबत असतो. २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेने या कामास सरकारदरबारी नाव मिळाले, परंतु काम पुरातनच आहे. नवे आहे ते यंत्र, आणि यंत्राबरोबर आलेली त्याची दुखणी.

मानवत तालुक्यात माझ्या बहिणीच्या घरी असा एक लोडर आहे. त्याची तक्रार अशी की, सकाळी पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू व्हावे, रिकाम्या बकेटने ते निर्वेध चालावे, आणि भरलेली बकेट उचलून ट्रॉलीकडे वळताना मात्र त्याचा आवाज विस्कळीत व्हावा, धुरांड्यातून पांढुरका धूर निघावा आणि ते बंद पडावे. मग फीड पंपाचा खटका हाताने दाबून डिझेल ओढले की पुन्हा चालू, आणि पुन्हा तीच गत. पारावरच्या जाणत्यांचा निवाडा झटपट झाला होता: पंप गेला, उतरवून शहरात न्या. दाजींना तो मान्य नव्हता. “ते हवा घ्यायलंय,” ते म्हणाले, “पण कुठून, तेच कळंना.”

डिझेल इंजिनात कोणताही बिघाड झाला की पहिला आळ इंजेक्शन पंपावर येतो, आणि माझ्या मते त्या बिचाऱ्यावर हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अन्याय आहे. रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने १९२७ साली या पंपाचे नियमित उत्पादन आरंभिले आणि १९५१ मध्ये ‘मायको’ ही कंपनी स्थापन होऊन पुढे भारतातही तो घडू लागला. आजही गावोगावचे मिस्त्री त्याला मायको पंप म्हणूनच ओळखतात. त्यातील दट्ट्या आणि त्याची नळी ही जोडी एकमेकांसाठीच घासून तयार केलेली असते, त्यांच्यामधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याच्या दोन-तीन पट एवढीच, आणि एका जोडीतला दट्ट्या दुसरीत चालत नाही. इतक्या कसोशीने घडविलेली वस्तू स्वच्छ डिझेल मिळत राहिले तर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते, कारण डिझेल हेच तिचे वंगण असते. तिला मारते ते पाणी आणि धूळ. म्हणून पंपाच्या मागच्या बाजूचा, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेचा, तपास आधी व्हावा आणि पंपाची पाळी सर्वांत शेवटी यावी, हाच खरा न्यायाचा क्रम होय.

या वाटेचे दोन भाग पडतात आणि त्यांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत, ही गोष्ट ज्याच्या ध्यानी आली त्याचे निम्मे काम झाले. पंपाच्या पुढे, पोलादी नळ्यांतून नोझलकडे जाणारे डिझेल वातावरणाच्या २०० पटींच्या आसपासच्या दाबाखाली असते, तेथे जरा फट राहिली तर ते बाहेर झिरपते आणि दोष स्वतःच आपली जागा दाखवितो. याउलट टाकी ज्या ट्रॅक्टरमध्ये फीड पंपाहून खालच्या पातळीवर असते, आणि दाजींच्या ट्रॅक्टरमध्ये ती तशीच आहे, तेथे फीड पंपापर्यंतची नळी सतत ओढीखाली असते. त्या नळीला चीर गेली तर डिझेलचा एक थेंबही बाहेर न पडता हवाच आत शिरते. फुटक्या नळीने उसाचा रस ओढू पाहणाऱ्या मुलाच्या तोंडात जसा रसापेक्षा वाराच अधिक यावा, तसे ते होते. बाहेरून सारे कोरडे ठणठणीत, म्हणून कोणाचा संशय तिकडे जात नाही.

पहिले काम पान्याचे नव्हते, धुण्याचे होते. बकेट जमिनीला टेकवून, चाकांना दगड लावून आम्ही फिल्टर, फीड पंप आणि सर्व जोड ब्रशने डिझेल मारून धुतले, कारण जोडावर साचलेली धूळ तो उघडताक्षणीच आत पडते आणि दुरुस्तीच रोगाचे कारण ठरते. पुसण्यासाठी सुताचा बोळा न वापरता जुन्या धोतराचे धुतलेले फडके घेतले. सुताचा एक धागाही नोझलचे बारीक भोक बंद करावयास पुरतो. टाकीच्या झाकणाचे श्वासछिद्र तपासले. ते धुळीने बुजले तर टाकीत निर्वात होऊन इंजिन अर्ध्या तासाने गुदमरते आणि झाकण सैल करताच फुस्स असा आवाज येतो. येथे ते मोकळे होते. टाकीच्या तळाचा बोल्ट काढून काचेच्या बाटलीत डिझेल घेतले, तेव्हा थोड्याच वेळात तळाशी पाण्याचे मणी आणि त्यांवर काळसर, बुळबुळीत साय दिसू लागली. रात्री अर्धवट रिकाम्या राहणाऱ्या टाकीत हवेतील बाष्प थिजून पाणी होते, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढून हा चिकटा तयार होतो. टाकी धुतली, फिल्टर बदलण्याचे ठरले; परंतु हवा कोठून येते हा मूळ सवाल तसाच होता.

त्याच्यासाठी दाजींच्या मुलाने जी तजवीज केली ती मला मनापासून आवडली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकत असलेल्या त्या मुलाने फीड पंप आणि फिल्टर यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा एक तुकडा बसविला आणि इंजिन चालू करून तिच्यात बघत राहण्यास सांगितले. मंद गतीवर नळी स्वच्छ होती. गती वाढविताच बारीक बुडबुड्यांची माळ वाहू लागली. मग तो टाकीच्या बाजूने एकेका जोडावर बोटाने घट्ट ग्रीस लिंपत पुढे सरकला, कारण ग्रीसने चीर तात्पुरती बुजते आणि बुडबुडे थांबले की चोर सापडला असे समजावे. टाकीचा जोड लिंपला, बुडबुडे चालूच. मधली क्लिप लिंपली, तरीही चालूच. आणि लोडरच्या चौकटीच्या आधारपट्टीला जेथे रबरी नळी लागून गेली होती तेथे बोट फिरताच माळ तुटली.

कारण उघड होते. ट्रॅक्टर कारखान्यातून येतो तेव्हा त्याच्या नळ्यांची वाट आखलेली असते; पुढे लोडरची चौकट येथल्याच वेल्डिंगच्या दुकानात बसविली जाते, तेव्हा नळीला आपली जागा सोडून वाकावे लागते, आणि भरली बकेट उचलताना चौकटीचे जे हादरे बसतात ते तिला खालच्या अंगाने अहोरात्र घासत राहतात. चीर केसाएवढी होती व नळी वाकविल्यावाचून दिसत नव्हती. भार पडला म्हणजे डिझेलची ओढ वाढते, हादराही वाढतो आणि चीर उघडते. रिकाम्या बकेटने तक्रार का नव्हती याचा उलगडा येथे झाला.

नवी नळी घेताना एक पथ्य पाळावे लागते. फवारणी पंपाची किंवा पाण्याची नळी हाताशी असते व स्वस्तही पडते, पण साधे रबर डिझेलात फुगते आणि आतून त्याचे कण सुटतात, म्हणून डिझेलसाठीच बनविलेली नळी घ्यावी. ती चौकटीपासून दूर नेऊन आम्ही वेगळ्या पट्टीने इंजिनाच्या अंगाला बांधली, तांब्याचे वॉशर नवे घातले आणि दोन्ही फिल्टर बदलले.

हवा काढण्याचा विधी यथाक्रम चालतो. फिल्टरच्या माथ्यावरील पेच सैल करून खटका दाबत राहावे; आधी फेस येतो, मग फेस व डिझेल आळीपाळीने, आणि अखेर अखंड धार लागली की धार चालू असतानाच पेच आवळावा. त्यानंतर पंपावरचा पेच, आणि शेवटी नोझलकडील पोलादी नळ्यांच्या चाक्या अर्धा वेढा सैल करून सेल्फ मारावा. या वेळी हात त्या जोडांच्या समोर धरू नये, कारण इतक्या दाबाचा बारीक फवारा त्वचा भेदून आत शिरू शकतो आणि ती जखम शस्त्रक्रियेपर्यंत जाते. पहिली चाकी थुंकली, आवळली. दुसरी आवळताच इंजिनाने दोन सिलिंडरांवर अडखळत सूर धरला, आणि तिसरी आवळली तेव्हा तो सलग झाला.

पंपाचे सील आम्ही तोडले नाही आणि नोझलचा दाब घरी बदलला नाही. ते मापन चाचणीयंत्रावरच व्हावे. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनांत दाब वातावरणाच्या १,००० पटींहूनही अधिक असतो, तेव्हा त्यांच्या नळ्या घरी सैल करण्याचा विचारही कोणी मनात आणू नये. एक नोझल किंचित ठिबकत असल्याचा दाजींना संशय आहे. पेरण्या उरकल्यावर तिन्ही नोझल परभणीस तपासणीला जातील. तूर्त टाकीच्या पत्र्यावर फिल्टर बदलल्याची तारीख रंगाने लिहिली आहे, आणि रोज संध्याकाळी काम थांबताच टाकी काठोकाठ भरून ठेवायची, असा घरात हुकूम झाला आहे.