कार्यालयाचा प्रमुख कसा असावा?

सामान्य नागरिकाला शासनाची ओळख होते ती तहसील कचेरीतील टेबलापाशी, पंचायत समितीच्या ओसरीवर किंवा शाळेच्या कार्यालयात. सातबाराच्या उताऱ्यातील नावाची दुरुस्ती करून घेण्यासाठी आलेला शेतकरी, निवृत्तिवेतनाचे प्रकरण अडकलेली शिक्षिका, दाखल्यासाठी रोजगार बुडवून आलेला शेतमजूर या साऱ्यांच्या दृष्टीने त्या कार्यालयाचे वागणे हेच शासनाचे वागणे असते. एकाच जिल्ह्यातील दोन कार्यालयांत नियम तेच असतात, वेतनश्रेणी त्याच असतात, कर्मचाऱ्यांची संख्याही जवळपास सारखीच असते. तरीही एका ठिकाणी काम आठवड्यात मार्गी लागते आणि दुसऱ्या ठिकाणी तेच काम महिनोन्महिने रेंगाळते. या तफावतीची कारणे शोधू लागले, की पुष्कळदा दृष्टी कार्यालयप्रमुखाच्या कार्यपद्धतीवर जाऊन स्थिरावते.

प्रमुखपद नेमणुकीच्या आदेशाने मिळते. परंतु त्या पदाला लागणारे गुण आदेशाबरोबर येत नाहीत. ते जाणीवपूर्वक अंगी बाणवावे लागतात. सुदैवाने हे गुण काही मोजक्या भाग्यवंतांनाच लाभणारे नाहीत. रोजच्या कामातील सवयींतून ते घडतात आणि म्हणून ते शिकताही येतात.

अधिकार आणि जबाबदारी

आधुनिक व्यवस्थापनशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत फ्रान्समधील खाण अभियंता हेन्री फेयॉल यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. १९१६ साली त्यांनी व्यवस्थापनाची चौदा तत्त्वे मांडली. अधिकार आणि जबाबदारी यांची जोडी फोडता येत नाही, हे त्यांतील एक तत्त्व. ज्याच्यावर काम सोपविले, त्याला ते पार पाडण्यापुरता अधिकारही दिला पाहिजे. आणि ज्याच्या हाती अधिकार आहे, त्याने परिणामांची जबाबदारीही पत्करली पाहिजे. प्रत्येक बारीकसारीक कागद स्वतःच्या सहीसाठी मागविणारा प्रमुख वरकरणी दक्ष वाटतो. प्रत्यक्षात तो हाताखालच्या माणसांची निर्णयशक्ती मारतो आणि स्वतःच्या टेबलावर कागदांचा डोंगर उभा करतो. तो रजेवर गेला, की सारे कार्यालयच रजेवर जाते.

आदेशाची एकसूत्रता हे फेयॉल यांचे आणखी एक तत्त्व. एका कर्मचाऱ्याला एका कामासाठी एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावेत, असा त्याचा आशय आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाला एकाच माहितीसाठी मुख्याध्यापक एक नमुना देतात, केंद्रप्रमुख दुसरा देतात आणि तालुक्याहून तिसराच येतो, अशी वेळ आली तर शिक्षकाचा वेळ वर्गापेक्षा कागदातच अधिक जातो. अशा वेळी वरून आलेल्या सूचनांचा मेळ घालून त्यांतून एकच स्पष्ट काम सहकाऱ्यांपुढे ठेवणे हे चांगल्या प्रमुखाचे कर्तव्य ठरते. वरून येणाऱ्या घाईचा सगळा भार जसाच्या तसा खाली लोटणे म्हणजे नेतृत्व नव्हे.

आज्ञेमागील कारण

आज्ञा कशी द्यावी याचा एक उत्तम नमुना महाराष्ट्राच्या इतिहासातच सापडतो. इ. स. १६७० च्या दशकात छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणागोटा आणि वैरण जपून वापरावी, रयतेला उपद्रव देऊ नये, लागेल ती वस्तू बाजारातून पैसे देऊन घ्यावी, अशा सूचना त्यात आहेत. पण पत्र तेवढ्यावर थांबत नाही. वैरण आताच संपली तर भर पावसात घोडी उपाशी मरतील, मग शिपाई शेतकऱ्यांच्या घरांत शिरतील आणि रयतेला आपलेच सैन्य शत्रूहून वाईट वाटू लागेल, ही सारी कारणपरंपरा त्यात उलगडून दाखविली आहे. रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतक्या बारकाव्याचाही विचार तेथे केलेला आढळतो.

राजाने केवळ हुकूम सोडला असता तरी तो पाळला गेला असता. तथापि, कारण कळलेला माणूस हुकमात न लिहिलेल्या प्रसंगीही योग्य तेच करतो. आजच्या कार्यालयातही अमुक माहिती सायंकाळपर्यंत द्या एवढेच सांगण्याऐवजी ती कशासाठी हवी आहे, तिच्यावरून कोणता निर्णय व्हायचा आहे, हे एका वाक्यात सांगितले तर माहिती अधिक अचूक मिळते.

महत्त्वाचा आदेश लेखी असावा, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. तोंडी सांगून काम करून घ्यायचे आणि प्रकरण अंगाशी आले, की आपण तसे सांगितलेच नव्हते असे म्हणायचे, ही रीत विश्वासाच्या मुळावर येते. निकडीच्या प्रसंगी तोंडी आदेश द्यावा लागलाच, तर तो शक्य तितक्या लवकर लेखी कायम करावा.

दफ्तराची शिस्त

चांगले नेतृत्व केवळ स्वभावाच्या गोडव्यावर चालत नाही. त्याला पद्धतीची जोड लागते. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अहमदनगरचे (आताच्या अहिल्यानगरचे) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी केलेला प्रयोग या दृष्टीने उल्लेखनीय आहे. साचलेल्या दफ्तराची वर्गवारी, कामाच्या ओघानुसार बैठकव्यवस्था आणि नागरिकांची सोय यांवर त्यांनी भर दिला. कार्यालयसुधारणेचा हा प्रयोग पुढे त्यांच्याच नावाने राज्यभर ओळखला जाऊ लागला.

याच विचारधारेतील सहा गठ्ठे पद्धत महसूल व जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना चांगलीच परिचित आहे. कर्मचाऱ्याजवळील कागदपत्रांचे सहा भाग करावयाचे : कार्यवाहीसाठी प्रलंबित असलेली प्रकरणे, इतरांच्या उत्तराच्या प्रतीक्षेत असलेली प्रकरणे, ठराविक मुदतीने पाठवावयाची विवरणे, स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेखकक्षात पाठवावयाचे कागद आणि नष्ट करावयाचे कागद. पद्धत साधी आहे. पण तिचा लाभ मोठा आहे. संबंधित कर्मचारी रजेवर असला तरी हवा असलेला कागद दुसऱ्याला पाच मिनिटांत काढता येतो. काय अडले आहे आणि कोणामुळे अडले आहे, हेही एका दृष्टिक्षेपात कळते. आता अनेक कार्यालयांत फाईल संगणकाच्या पडद्यावर फिरते. तरीही वर्गवारी, मुदत आणि पाठपुरावा ही सूत्रे बदललेली नाहीत. पडद्यावर साचलेली फाईलही साचलेलीच असते.

या शिस्तीला कायद्याचेही पाठबळ आहे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध यासंबंधी महाराष्ट्राने २००५ साली अधिनियम केला. त्यानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या ७ दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठविण्याची गरज नसलेल्या प्रकरणी ४५ दिवसांत, तर तशी गरज असलेल्या प्रकरणी ३ महिन्यांत निर्णय व्हावा, अशी अपेक्षा आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळविण्याचा हक्क नागरिकाला दिला आणि विलंब झाल्यास अपिलाची वाटही मोकळी केली. मुदत टळून गेल्यावर खुलासा मागविणे सोपे असते. मुदत टळण्यापूर्वी अडचण ओळखून ती दूर करणे यातच प्रमुखाचे कौशल्य दिसते.

चूक सांगण्याची मोकळीक

चांगल्या कार्यालयात चुका कमी होतात, असा आपला सर्वसाधारण समज असतो. अमेरिकेतील संशोधिका एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील औषधोपचारांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांची अपेक्षाही अशीच होती. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून मात्र वेगळेच चित्र पुढे आले. जेथे परिचारिकाप्रमुख आणि सहकारी यांचे संबंध चांगले होते, तेथेच चुकांची नोंद अधिक आढळली. तेथे चूक बोलून दाखविण्याची भीती नव्हती. इतर ठिकाणी चूक घडली तरी ती झाकली जाण्याचा संभव अधिक होता.

आपल्याकडील कारभाराला हा निष्कर्ष तंतोतंत लागू पडतो. गावाच्या पाणीपुरवठ्याच्या टाकीत दोन दिवस जंतुनाशक पावडर पडलेली नाही, हे सांगण्यास कर्मचारी कचरला, तर त्याची किंमत गावातील मुलांना अतिसाराने मोजावी लागेल. शालेय पोषण आहारातील धान्याला कीड लागली आहे, हे स्वयंपाक करणाऱ्या बाईला मुख्याध्यापकांपुढे निर्धास्तपणे सांगता आले पाहिजे. वाईट बातमी आणणाऱ्यावरच जो प्रमुख भडकतो, त्याच्यापर्यंत वाईट बातमी येणे हळूहळू बंद होते. वाईट घडणे मात्र बंद होत नाही.

याचा अर्थ सर्व काही पोटात घालावे असा नव्हे. अनवधानाने झालेली चूक, वारंवार होणारी हयगय आणि हेतुपुरस्सर केलेला अपहार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला मार्गदर्शन, दुसरीला समज आणि तिसरीला नियमानुसार कठोर कारवाई हाच उपाय होय. हा विवेक ज्याला साधला, त्याच्या कडकपणाविषयीही कर्मचाऱ्यांना आदर वाटतो.

श्रेय कोणाचे, अपयश कोणाचे?

१० ऑगस्ट १९७९ रोजी भारताच्या एस. एल. व्ही.-३ या प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण अयशस्वी झाले. प्रकल्पाचे नेतृत्व डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्याकडे होते. त्या दिवशी पत्रकारांना मात्र भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन स्वतः सामोरे गेले, अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्याकडे घेतली आणि सहकाऱ्यांवर विश्वास प्रकट केला. १८ जुलै १९८० रोजी पुढचे उड्डाण यशस्वी होऊन रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला, तेव्हा पत्रकारांशी बोलण्यासाठी त्यांनी डॉ. कलाम यांना पुढे केले. डॉ. कलाम यांनी हा प्रसंग पुढे अनेक व्यासपीठांवरून कृतज्ञतेने सांगितला.

कार्यालय लहान असो वा मोठे, हे सूत्र सारखेच लागू आहे. तपासणी पथकापुढे लिपिकाला उभे करून स्वतः बाजूला होणारा प्रमुख आणि सहकाऱ्याची चूक असली तरी आधी स्वतः उत्तर देऊन मग बंद दाराआड त्याला जाब विचारणारा प्रमुख यांतील अंतर कर्मचारी अचूक ओळखतात. कौतुक चारचौघांत आणि कानउघाडणी एकांतात, हा व्यवहारातील जुना नियम आजही तितकाच खरा आहे.

माणूस आणि न्याय

शिकागोजवळील हॉथॉर्न येथील कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेले प्रयोग व्यवस्थापनाच्या अभ्यासात प्रसिद्ध आहेत. कामगारांच्या लहान गटाला विश्रांतीच्या वेळा, कामाचे तास यांत निरनिराळे बदल करून पाहिले असता उत्पादन वाढत गेले, आणि काही सवलती काढून घेतल्यावरही ते बऱ्याच अंशी टिकून राहिले. या प्रयोगांच्या निष्कर्षांवर पुढे अभ्यासकांनी आक्षेपही घेतले. तरीही आपल्या कामाकडे आणि मताकडे कोणीतरी लक्ष देत आहे या जाणिवेचा कामावर परिणाम होतो, हा विचार त्यातून रुजला.

लक्ष देणे म्हणजे लाड करणे नव्हे. घरी आजारी माणूस असलेल्या कर्मचाऱ्याची रजा वेळेवर मंजूर करणे, नव्याने रुजू झालेल्याला पहिल्याच आठवड्यात काम समजावून देणे, महिला कर्मचाऱ्यांसाठी स्वच्छतागृहाची नीट व्यवस्था ठेवणे, अशा साध्या गोष्टींतून ते व्यक्त होते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तक्रार करणाऱ्या महिलेला त्या समितीकडे निर्भयपणे जाता येते की नाही, ही प्रमुखाची खरी परीक्षा होय.

मूल्यमापनातही हाच न्याय दिसावा लागतो. गोपनीय अहवालातील शेरा वर्षभर मनात धरलेला राग काढण्याचे साधन होऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देव दत्त प्रकरणात अहवालातील प्रत्येक नोंद संबंधित कर्मचाऱ्याला कळविली पाहिजे असा निर्णय दिला. त्यामागील तत्त्व उघड आहे : ज्याचे मूल्यमापन झाले, त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळावी. उणिवा मार्चअखेरची वाट न पाहता वेळच्या वेळी सांगितल्या, तर त्या सुधारण्यास अवधी मिळतो आणि अहवालही सत्याला धरून होतो.

पंचायतीच्या संदर्भात

१ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या आणि लोकप्रतिनिधी व प्रशासन यांनी खांद्याला खांदा लावून काम करण्याचे पर्व सुरू झाले. सरपंच हे लोकांनी निवडलेले, तर पंचायतीचा सचिव हा शासनाने नेमलेला. एकाला लोकांच्या गरजा ठाऊक असतात, तर दुसऱ्याला नियमांची वाट. सरपंचाने नियम म्हणजे अडथळा असे मानले आणि सचिवाने लोकप्रतिनिधी म्हणजे त्रास असे मानले, तर गावाचा आराखडा कागदावरच राहतो. नियमात बसत नाही एवढेच उत्तर न देता कोणत्या मार्गाने बसेल हे सांगणारा सचिव, आणि चुकीच्या कागदावर सहीचा आग्रह न धरणारा सरपंच, अशी जोडी जमली तर गावाच्या कारभाराला गती येते.

अखेरीस एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. प्रमुख बदलून जातो. कार्यालय तेथेच राहते. त्याने लावून दिलेली शिस्त, तयार केलेली माणसे आणि मोकळेपणाने बोलण्याची रीत मागे उरली, तर त्याचे काम खऱ्या अर्थाने टिकले असे म्हणता येईल. ज्या कार्यालयातून शेतमजूर एकाच फेरीत दाखला घेऊन परत जातो आणि त्याचा दुसऱ्या दिवसाचा रोजगार बुडत नाही, त्या कार्यालयाच्या प्रमुखाला वेगळ्या प्रशस्तिपत्राची गरज राहत नाही.