आधी अकरावी रांग

सकाळी इन्क्युबेटरमधून प्लेट काढली की औषधाच्या रांगांकडे आधी बघायचं नाही, हे पथ्य मी कसोशीने पाळते. आधी अकरावी रांग. तिथे औषध नसतं, नुसते जंतू. ती गढूळ हवी. बाराव्या रांगेत नुसता ब्रॉथ, म्हणजे जंतूंचं द्रव खाद्य. तो नितळ हवा. हे जुळलं तरच उरलेल्या दहा रांगांना अर्थ.

प्लेट तळहाताएवढी, ९६ खळग्यांची; या खळग्यांना आम्ही ‘वेल’ म्हणतो. पहिल्या रांगेत मिलिलिटरला ६४ मायक्रोग्रॅम औषध, पुढे प्रत्येक रांगेत निम्मं, दहाव्यात ०.१२५. ज्या सगळ्यात कमी मात्रेला वेल नितळ राहते, ती त्या औषधाची एमआयसी.

समोर आहे क्लेब्सिएला हा जंतू, एनडीएम विकर बनवणारा. त्यातले एन आणि डी नवी दिल्लीचे. तिथे उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णात ते विकर प्रथम ओळखलं गेलं, २००९ साली त्यावर शोधनिबंध आला. हे विकर मेरोपेनेमसारखं प्रतिजैविकही तोडून टाकतं. त्यामुळे मेरोपेनेमची आडवी ओळ ६४ लाही गढूळच.

सगळं अवलंबून असतं आदल्या दिवशीच्या हातावर. वसाहती सलाइनमध्ये कालवून मिलिलिटरला साधारण १५ कोटी जंतू होतील एवढा गढूळपणा आणायचा, १५ मिनिटांच्या आत तो पातळ करून वेलमध्ये भरायचा. तिथे मिलिलिटरला ५ लाख जंतू हवेत. मग ३५ अंशांवर १६ ते २० तास.

एकदा औषध म्हणून तपासत असलेल्या नव्या रेणूची एमआयसी ०.२५ आली. मला आनंद आवरेना. जंतू मोजायला प्लेट भरल्याबरोबर अकराव्या रांगेतला थेंब हजारपट पातळ करून आगरवर पसरला होता. त्यावर ५० च्या आसपास वसाहती यायला हव्या होत्या. दुसऱ्या दिवशी मोजल्या तर ४. जंतूच कमी पडले होते, म्हणून औषध बलवान दिसलं. चूक माझ्या पातळ करण्यात होती. तो आकडा मी खोडला. असा आकडा पुढे गेला तर वर्षांची मेहनत भलत्याच रेणूवर खर्च होते, आणि अतिदक्षता विभागातला रुग्ण वाट बघत राहतो. म्हणून ही मोजणी मी कधीच टाळत नाही.

नितळ वेलमधले जंतू मेलेच असतील असंही नाही, नुसते थांबलेले असू शकतात. ते पाहायला तो द्रव औषध नसलेल्या आगरवर पसरायचा. हजारात ९९९ मेले तरच औषध जंतुनाशक.

खोडलेल्या आकड्याची ती चाचणी काळजीपूर्वक पुन्हा तीनदा केली. वहीत त्या रेणूपुढे आता लिहिलं आहे: २, ४, २.