विश्लेषण : कार्यालये उघडली, पण लोकल नव्हती! करोनाकाळात मुंबईच्या नोकरदारांची कोंडी कशी झाली?

करोनाकाळ म्हटले की घरातून काम आणि लॅपटॉप आठवतो. मात्र हिशेब तपासणे, बिले काढणे, धनादेशांवर सह्या घेणे, माल पाठवणे ही कामे करणाऱ्यांना कार्यालय गाठावेच लागत होते. आणि मुंबईत कार्यालय गाठायचे म्हणजे लोकल.

लोकल बंद, कार्यालये कधी सुरू?

साथीपूर्वी उपनगरी रेल्वेतून रोज सुमारे ८० लाख प्रवासी जात. २२ मार्च २०२० च्या रात्रीपासून ही सेवा थांबली. ‘पुनश्च हरिओम’ अंतर्गत ८ जूनपासून खासगी कार्यालयांना १० टक्के उपस्थितीची मुभा मिळाली, सप्टेंबरमध्ये ती ३० टक्के झाली. लोकल १५ जूनला सुरू झाली खरी, पण केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. म्हणजे खासगी कर्मचाऱ्याला कामावर बोलावता येत होते, पण लोकलच्या यादीत तो नव्हता.

मग पोहोचायचे कसे?

एसटी, बेस्ट किंवा दुचाकी. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. लोकलने साधारण दीड-दोन तासांचा हा प्रवास रस्त्याने किती लांबेल, हे वाहतूक कोंडीवर ठरे. डोंबिवली-कल्याणकरांच्या वाट्याला शिळफाट्याची कोंडी होतीच. त्यात कल्याणचा जुना पत्रीपूल २०१८ मध्येच पाडलेला आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. २२ जुलै २०२० रोजी एसटी बस न मिळाल्याने नालासोपाऱ्यात प्रवासी थेट रुळांवर उतरले. कामावर न पोहोचल्यास पगार कापला जाईल, ही धास्ती त्यामागे होती.

वेळेच्या अटींनी काय साधले?

२१ ऑक्टोबर २०२० पासून सर्व महिलांना प्रवासाची परवानगी मिळाली, पण सकाळी ११ ते दुपारी ३ आणि सायंकाळी ७ नंतर. दहा ते सहा नोकरी करणारीने यात कसे बसायचे? १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना मुभा मिळाली. तीही सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. सहाला सुटलेल्याने नऊपर्यंत थांबायचे. गर्दी टाळण्याचा हेतू योग्यच होता, पण त्यासाठी कार्यालयांच्या वेळा बदलायला हव्या होत्या. ते आवाहनापुरतेच राहिले. दुसऱ्या लाटेत, एप्रिलमध्ये, सामान्यांसाठी दारे पुन्हा बंद झाली.

लशीची अट कोणाला जाचक ठरली?

१५ ऑगस्ट २०२१ पासून दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांना पास मिळू लागला. कोव्हिशिल्डच्या दोन मात्रांत तेव्हा किमान ८४ दिवसांचे अंतर होते. त्यामुळे जुलैत पहिली मात्रा मिळालेल्या तरुण कर्मचाऱ्याला लोकलसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत थांबावे लागणार होते.