कोटेशनच्या ओळी आणि त्यांचे धनी

पहिली गाडी घ्यायला शोरूममध्ये गेलं की चहाबरोबर एक कागद हातात येतो. वर मॉडेलचं नाव, मध्ये दहा-बारा ओळी आणि तळाला ठळक अक्षरांत ऑन-रोड किंमत. बहुतेकांची नजर थेट तळाला जाते आणि घासाघीसही त्याच आकड्यावर सुरू होते. पाच हजार कमी होतात, पायातल्या मॅट फुकट मिळतात, दोन्ही बाजू खूश. या कागदाबद्दलचे गैरसमज तिथूनच सुरू होतात. ऑन-रोड ही एक किंमत नाही, ती वेगवेगळ्या धन्यांच्या पैशांची बेरीज आहे. प्रत्येक ओळीपुढे बोट ठेवून विचारायचं असतं की हा पैसा जातो कुणाकडे: सरकारकडे, विमा कंपनीकडे, की डीलरकडेच?

सरकारच्या ओळी आधी उरकू, कारण तिथे घासाघीस चालत नाही. एक्स-शोरूम किमतीत जीएसटी आधीच धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर तो १८ टक्के आहे, त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आणि इलेक्ट्रिकवर ५ टक्के. तेव्हा एक्स-शोरूमच्या खाली गाडीवरचा जीएसटी पुन्हा वेगळा लावलेला दिसला तर तिथेच थांबावं. त्यानंतर येतो रोड टॅक्स. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३ टक्के. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. म्हणजे नऊ लाखांच्या पेट्रोल गाडीला ९९ हजार रुपये. हा गुणाकार मोबाइलवर करून कोटेशनशी ताडून पाहायला अर्धं मिनिट लागतं. "कंपनीच्या नावावर घ्या, टॅक्स वाचतो," असा सल्ला देणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांना सांगावं की महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या गाडीला रोड टॅक्स २० टक्के आहे.

गाडी दहा लाखांच्या वर गेली की टीसीएस नावाची एक टक्क्याची ओळ दिसते. हा आणखी एक कर, असं समजून लोक हळहळतात. प्रत्यक्षात तो तुमच्याच पॅनवर जमा झालेला आगाऊ आयकर असतो. रिटर्न भरताना तो वळता होतो किंवा परत मिळतो. रिटर्नच भरलं नाही तर मात्र गेला.

आता डीलरची ओळ. 'हँडलिंग चार्जेस', 'लॉजिस्टिक्स', 'फॅसिलिटेशन' अशा नावांनी काही हजार रुपये लावलेले असतात आणि विचारलं की उत्तर येतं, "सर, हे कम्पल्सरी आहे, सगळीकडेच घेतात." सगळीकडे घेतात म्हणून ते सक्तीचं होत नाही. या नावाची कुठलीही सरकारी फी नाही. "बरं, मग बिलावर या नावानं लिहून द्या," असं शांतपणे म्हटलं की ही ओळ बऱ्याचदा आपोआप गळते. ॲक्सेसरीजच्या 'बेसिक किट'चंही तसंच. सीट कव्हरवाचून कुठल्याही गाडीचं पासिंग अडलेलं नाही.

विम्याच्या ओळीपाशी जरा थांबायला हवं, कारण बरेच पैसे इथे जातात आणि सगळ्यात कमी प्रश्न इथे विचारले जातात. विमा शोरूममधूनच घ्यायला हवा, हा पहिला गैरसमज. कायद्याला विमा हवा आहे, तो कुणाकडून घेतला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा, हप्ता सरकार ठरवतं, त्यामुळे तो सगळ्या कंपन्यांकडे सारखाच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात. बाहेरचं एक कोटेशन खिशात असलं की शोरूमचा आकडाही झटकन खाली येतो. मात्र तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे गाडीची विमा धरलेली किंमत, दोन्हीकडे सारखी हवी. नव्या गाडीला ती एक्स-शोरूमच्या साधारण ९५ टक्के असते. ती खाली ओढून हप्ता स्वस्त दाखवणं ही जुनी चलाखी आहे, आणि बाहेरचे एजंटही त्यात मागे नाहीत. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारं जादा कवच, घेतलंय की नाही, हेही दोन्हीकडे पाहावं. ते नसेल तर दाव्याच्या वेळी प्लास्टिकच्या बंपरचे निम्मेच पैसे मिळतात.

दुसरा गैरसमज अधिक महागात पडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. "तीन वर्षांचा इन्शुरन्स आहे" हे वाक्य ऐकून माणूस निर्धास्त होतो. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग सहसा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी तो नव्याने घेतला नाही आणि गाडी दुभाजकावर चढली, तर पॉलिसी चालू असूनही हाती काही येत नाही.

कर्जाच्या हप्त्याचं गणित करताना शोरूममधला फायनान्सवाला माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो: "महिन्याला किती जमेल?" या प्रश्नाचं उत्तर देऊ नये. आठ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १६,६०० रुपये आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ९६ हजार. तेच सात वर्षांवर नेलं की हप्ता १२,९०० च्या आत येतो, पण व्याज २ लाख ८१ हजारांवर जातं. स्वस्त वाटलेल्या हप्त्याची किंमत पंच्याऐंशी हजार. 'फक्त ५ टक्के फ्लॅट' हे तर त्याहून गोड. फ्लॅट म्हणजे फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज. आठ लाखांवर पाच वर्षांचं ते भरतं दोन लाख, म्हणजे घटत्या शिलकीच्या ९ टक्क्यांपेक्षाही थोडं जास्तच. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याला एका कागदावर सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहून द्यावा लागतो. तो कागद मागावा, आणि तोंडी टक्केवारीला मान डोलावू नये.

मुहूर्ताबद्दल थोडं. दसरा-पाडव्याला सगळ्यात चांगली सूट मिळते, असं समजलं जातं. ज्या दिवशी शोरूमबाहेर हार घेऊन रांग लागते, त्या दिवशी डीलरनं भाव का पाडावा? त्याला गिऱ्हाईक हवं असतं पितृपक्षात आणि डिसेंबरअखेर. पितृपक्षात बोलणी करून डिलिव्हरी दसऱ्याला घ्यायला कुणाची हरकत असायचं कारण नाही, अगदी आजीचीही. डिसेंबरच्या सवलतीमागचं कारण मात्र ओळखून असावं. १ जानेवारीला ती गाडी 'गेल्या वर्षीची' होते. जानेवारीत पासिंग केलं तरी आरसीवर उत्पादनाचा महिना आणि साल छापलेलंच राहतं, आणि विकताना गिऱ्हाईक तेच आधी बघतं. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वरही ते असतं. सूट तेवढी भरघोस असेल तर जुन्या सालची गाडी घ्यायला हरकत नाही, फक्त ती माहीत असून घ्यावी.

गाडी तपासायची असते ती नारळ फोडायच्या दिवशी, हाही एक समज. तोवर ती तुमच्या नावावर झालेली असते. तपासणी पासिंगच्या आधी आणि उरलेली रक्कम भरण्याआधी, भर उजेडात व्हायला हवी. चेसिस नंबर कागदाशी जुळतो का, मीटरवर किती किलोमीटर झालेत, दारांच्या कडांना रंगाची छटा वेगळी आहे का, हे पाहावं. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. पाचही टायरांवर ते साधारण जवळपासचे हवेत.

"गाडी आज घेऊन जा, नंबर आठवड्यानं येईल" हे आता कायद्यात बसत नाही. राज्यातल्याच डीलरकडून घेतलेली नवी गाडी तपासणीसाठी आरटीओत न्यावी लागत नाही, पण नंबर प्लेट लागल्याशिवाय डीलरनं ती द्यायची नसते. या एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा, प्लेटची किंमतही १ एप्रिल २०१९ नंतर बनलेल्या गाडीच्या किमतीतच धरलेली आहे. वेगळे पैसे मागितले तर कारण विचारावं.

आणि शेवटचा हप्ता गेला की गाडी पूर्णपणे आपली झाली, असं वाटतं. आरसीवर बँकेचा बोजा तसाच असतो. बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन तो आरटीओकडून उतरवावा लागतो, आणि विमा पॉलिसीतलं बँकेचं नावही वेगळं सांगून काढावं लागतं.