पिंपातली वाइन आणि चोळण्यातला शेतकरी

सायप्रसमधल्या लिमासोल शहराच्या म्युनिसिपल बागेत वाइन उत्सवाला गेलं की दारातच एक अवाढव्य शेतकरी उभा असतो. अंगात काळा ढगळ चोळणा, म्हणजे सायप्रसची ‘व्राका’. वाइन प्या, आयुष्य लाभेल, असा त्याचा येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ला. डॉक्टरांना तो पटणार नाही. पण हा पुतळा द्राक्षबागायतदाराचा आहे आणि तो आपला माल खपवायला उभा आहे.

सायप्रस १९६० मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यातून सुटलं आणि पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, हा उत्सव सुरू झाला. ट्रोडोस डोंगराच्या दक्षिण उतारावरच्या गावांत द्राक्षं अमाप पिकायची. केओ, एटको, लोएल आणि सोडाप या चार मोठ्या कंपन्या त्यांची वाइन करून लिमासोलच्या बंदरातून परदेशी धाडायच्या. मग घरच्या माणसांना हात आखडता कशाला घ्यायचा? उत्सवाची रीत अशी पडली की दारात एकदाच तिकीट काढायचं, आत पिंपाखाली पेला धरायचा आणि हवा तितक्या वेळा भरून घ्यायचा. चोखंदळ माणसाने नाक मुरडावं अशीच ही साधी वाइन. मला मात्र तिचा हा बिनदिमाखपणा आवडतो. १९७४ च्या तुर्की आक्रमणानंतर काही वर्षं बाग सुनी राहिली, मग पुन्हा पिंपं लागली.

पिंपांपेक्षा जास्त वेळ द्यावा तो रसाच्या कढईला. ताज्या द्राक्षरसात पीठ कालवून तो घट्ट होईपर्यंत घोटतात, हा ‘पालुझे’. दोऱ्यात ओवलेल्या बदामांच्या माळा याच रसात पुन्हा पुन्हा बुडवायच्या आणि टांगून वाळवायच्या, की ‘शुशुको’ तयार. नुसता रस आटवला की द्राक्षांची काकवी होते, ती ‘एप्सिमा’. चोथाही फुकट जात नाही, त्यातून ‘झिवानिया’ ही जळजळीत दारू गाळतात. पोटभर खायचं तर भाजलेलं हलूमी चीज आहे, लाल वाइन आणि धण्यात शिजवलेलं डुकराचं मांस आहे.

या सगळ्यांत थोरली ‘कोमान्दारिया’ ही वाइन. क्सिनिस्तेरी आणि माव्रो या देशी द्राक्षांचे घड तोडल्यावर आठवडा-दहा दिवस उन्हात पसरतात. आपल्या तासगावकडे बेदाणा शेडच्या सावलीत वाळवतात, इथे थेट ऊन लागतं. त्याने साखर दाटते आणि गोड, गडद वाइन मिळते. तिला निदान दोन वर्षं ओकच्या पिंपात मुरवायचं. हे नाव लावायचा हक्क फक्त १४ गावांना. ते नाव मध्ययुगीन धर्मयोद्ध्यांचं: लिमासोलजवळच्या कोलोसी किल्ल्यावर त्यांचं ठाणं होतं आणि त्याला ‘कमांडरी’ म्हणत.

रंगमंचावर ‘चात्तिस्ता’ रंगतं. दोन गायक समोरासमोर उभे राहून आयत्या वेळी रचलेल्या कडव्यांनी एकमेकांची खिल्ली उडवतात. २०११ मध्ये युनेस्कोने या कलेची वारसा म्हणून नोंद केली. दुसरीकडे नर्तक चाळणीत वाइनचा पेला ठेवून ती गरगर फिरवतो, आणि थेंब सांडत नाही. लाकडी हौदात पायांनी द्राक्षं तुडवण्याचा खेळही असतो. पर्यटकांसाठी तो अंमळ सजवलेला आहे, हे खरं.

ग्रीक परंपरेत वाइनचा देव दिओनिसस. सायप्रसमधल्याच पाफोसला १९६२ मध्ये सापडलेल्या रोमनकालीन घरात त्याची दगडी तुकड्यांची चित्रं आहेत. त्याने इकारियोस नावाच्या शेतकऱ्याला वाइन करायला शिकवलं, इकारियोसने ती दोघा मेंढपाळांना पाजली. ते झिंगून पडलेले दिसतात आणि वर ग्रीकमध्ये लिहिलंय, ‘वाइन प्यालेले पहिले लोक’. पुढे, आपल्याला विष पाजलं असं समजून मेंढपाळ इकारियोसला ठार करतात. बागेच्या दारातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट कुणी सांगितलेली दिसत नाही.

युरोपीय संघाच्या काळात वेली उपटायला अनुदान मिळालं आणि डोंगरातल्या कितीतरी बागा गेल्या. ओतायला अमाप होतं म्हणून सुरू झालेला उत्सव आता माल कमी असतानाही भरतो. उरलेल्यांत छोट्या वाइनरी माराथेफ्तिकोसारख्या विसरलेल्या देशी जातींची द्राक्षं लावून नेटकी वाइन करतात. तिची किंमत बाटलीवर मोजावी लागते, आणि ती मोजण्यासारखी आहे.