वाटाण्याचा अंकुर आणि आगकाड्या : फाळके कुटुंबाचे दोन लघुपट

दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या मूकपटावर विपुल लेखन झालेले आहे. त्याच्या छायेत त्यांचे दोन लहानसे प्रयोग मात्र झाकोळून गेले : 'अंकुराची वाढ' (१९१२) आणि 'आगकाड्यांची मौज' (१९१५). कुंडीतील वाटाणा आणि पेटीतील काड्या हीच यांतील पात्रे. तथापि आज ज्यास ॲनिमेशन म्हणतात, त्या कलेचा भारतातील विचार या दोन लघुपटांपासूनच आरंभावा लागतो.

'अंकुराची वाढ' हा हौसेखातर काढलेला नव्हता. १९१२ च्या प्रारंभी फाळके इंग्लंडला जाऊन आले होते. विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घरी पोहोचला होता. भांडवल मात्र नव्हते. चित्रपटाचा धंदा येथे शक्य आहे, हे धनिकांना डोळ्यांनी पटविणे अवश्य होते. म्हणून कुंडीत वाटाणा पेरून त्यासमोर कॅमेरा मांडण्यात आला. बीज फुटून वेल होईपर्यंतचा महिन्याभराचा काळ पडद्यावर सुमारे मिनिटभरात उलगडला. तो पाहून कर्ज मिळाले, आणि 'हरिश्चंद्रा'चा मार्ग मोकळा झाला.

या चित्रणासंबंधी रोज एक चौकट घेतली जात असे, असे सांगण्याचा प्रघात आहे. साधा हिशेब केल्यास तो टिकत नाही. मूकपटाची गती सेकंदास सुमारे सोळा चौकटींची धरली, तर मिनिटास ९६० चौकटी लागतात. रोज एक या प्रमाणात महिन्याच्या तीस चौकटी दोन सेकंदही पुरणार नाहीत. मिनिटभराची लांबी खरी मानावयाची, तर दिवसाला बत्तीस चौकटी हव्यात : अहोरात्र घेतल्यास पाऊण तासास एक, केवळ दिवसा घेतल्यास सुमारे बावीस मिनिटांस एक. कॅमेरा हाताने फिरवावयाचा. त्याचा पाया हलता कामा नये, कुंडी जागची सरकता कामा नये, आणि ठरलेली वेळ चुकता कामा नये. महिनाभर अशी राखण एकट्या माणसास करता येणे कठीण. ती घरातील अनेकांच्या हातून झाली असावी, हेच अनुमान अधिक संभवनीय वाटते.

या अनुमानास आधारही आहे. कॅमेरा आल्यावर फाळक्यांनी प्रथम घरच्याच माणसांस शिकविले. त्या काळी कच्ची फिल्म कडेची छिद्रे न पाडताच येई. सरस्वतीबाई फाळके अंधारात ती छिद्रे पाडीत, रसायने मिसळून फिल्म धूत, आणि पुढे चित्रीकरणाच्या वेळी प्रकाश परतविण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहत. मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच असे. मुलगा भालचंद्र 'हरिश्चंद्रा'त रोहिदास झाला. कन्या मंदाकिनी 'कालियामर्दन' (१९१९) मध्ये कृष्ण. नटांची नावे इतिहासात राहिली, छिद्रे पाडणारीचे फार उशिरा आले. कुटुंबाने मिळून हलती चित्रे दाखविण्याची रीत मात्र त्यापूर्वीचीच : कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन व त्यांचे पुत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचेवर रंगविलेल्या चित्रांची 'शांबरिक खरोलिका' दाखवीत असत.

दोन लघुपटांत एक तात्त्विक भेद आहे. वाटाण्याची वाढ खरोखरच घडत होती. कॅमेऱ्याने तिचा काळ केवळ आकुंचित केला. काडीला मात्र स्वतःची गती नसते. तिला किंचित सरकवावे, चौकट घ्यावी, पुन्हा सरकवावे. जी हालचाल कधी झालीच नाही ती पडद्यावर निर्माण होते. खऱ्या अर्थाने सचेतनपट तो हाच. फ्रान्समध्ये एमिल कोल याने १९०८ साली काड्यांचाच असा लघुपट केला होता. फाळक्यांचा प्रयत्न महायुद्धाच्या काळातला. फिल्मची आयात तेव्हा अडचणीत आली होती. मोठ्या कथापटाला लागणारी हजारो फूट फिल्म ज्यास परवडत नाही, त्यास काड्यांची पेटी आणि थोडी फिल्म पुरते. चिकाटी तेवढी भरपूर लागते, आणि ती या घरात होती.

'आगकाड्यांची मौज' आज पाहावयास मिळत नाही. चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणाऱ्या १९१७ च्या फाळक्यांच्याच एका लघुपटाचा काही भाग मात्र शिल्लक आहे. त्यात ते स्वतः काम करताना दिसतात.