आज्ञापंक्तीवरून चालू प्रक्रिया संपविणे : विनंती आणि सक्ती

कल्याणचे बिर्ला महाविद्यालय, डोंबिवलीचे पेंढरकर महाविद्यालय यांसारख्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत संगणकशास्त्र वा माहिती तंत्रज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा लिनक्सशी संबंध येतोच. एखादा प्रोग्राम अडकला की ‘किल’ या आज्ञेला उणे ९ जोडून मोकळे होण्याकडे नवशिक्याचा कल असतो. उपाय बहुधा तत्काळ लागू पडतो. त्याची किंमत मात्र नंतर कळते.

कार्यप्रणाली प्रत्येक चालू प्रक्रियेला क्रमांक देते; ‘पीएस’ किंवा ‘टॉप’ या आज्ञांनी तो पाहता येतो. ‘किल’ हे नाव काहीसे फसवे आहे. ही आज्ञा त्या क्रमांकाच्या प्रक्रियेकडे केवळ एक संकेत पाठविते. संकेत नमूद न केल्यास १५ क्रमांकाचा ‘सिगटर्म’ जातो. तो विनंतीवजा असतो : प्रोग्राममध्ये तशी तरतूद असल्यास प्रक्रिया हातातील मजकूर फाइलीत उतरविते, तात्पुरत्या फाइली पुसते आणि मग थांबते. ९ क्रमांकाचा ‘सिगकिल’ मात्र प्रक्रियेला अडविताही येत नाही आणि दुर्लक्षिताही येत नाही. कर्नल तिला आवराआवरीची संधी न देता संपवितो.

२००५ नंतरची काही वर्षे भारनियमन सोसलेल्या ठाणे-कल्याण परिसरातील वाचकाला येथे अचानक गेलेली वीज आठवेल. ही तुलना अर्धीच खरी आहे. वीज गेल्यास कर्नलच्या स्मृतीतील, डिस्कवर अद्याप न पोहोचलेला मजकूरही नष्ट होतो. ‘सिगकिल’ने प्रक्रियेच्या स्वतःच्या स्मृतीतील तेवढाच जातो, कर्नलकडे सोपविलेला यथावकाश डिस्कवर उतरतो. तरीही अर्धवट लिहिलेली फाइल आणि मागे राहिलेली कुलूप-फाइल यांचा धोका उरतोच. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीच्या माहितीपुस्तिकेत म्हणूनच सर्व्हर ‘सिगकिल’ने बंद न करण्याचा सल्ला दिलेला आहे.

तेव्हा प्रथम १५, मग थोडी प्रतीक्षा, आणि नाइलाज झाल्यासच ९, हा क्रम इष्ट होय. अर्थात ९ हाही रामबाण नव्हे. ‘पीएस’च्या यादीत ‘झेड’ अवस्था दर्शविणारी प्रक्रिया मुळात संपलेलीच असते. जनक प्रक्रियेने दखल घेईपर्यंत तिची केवळ नोंद उरते. ‘डी’ अवस्थेतील प्रक्रिया बहुधा डिस्कच्या किंवा नेटवर्कवरील साठवणुकीच्या उत्तरासाठी खोळंबलेली असते; ते येईपर्यंत सहसा कोणताही संकेत तिला हलवू शकत नाही. अशा वेळी पुनःपुन्हा ‘किल’ देण्यापेक्षा डिस्क वा नेटवर्क तपासणे अधिक उपयोगाचे ठरते.